पासआउट झाली

आमच्या टेंभुर्णीत शिक्षण पूर्ण झालं की माणूस ‘पासआउट’ होतो. डी.एड. झाला, पासआउट. आयटीआय झाला, पासआउट. मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाता खाता विचारतात, “कुठून पासआउट आहे?” आणि मुलीचा बाप कौतुकाने कॉलेजचं नाव सांगतो. शब्द इंग्रजी आहे हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी इंग्रजीची शिक्षिका. शेजारच्या गावातल्या हायस्कूलवर नववी-दहावीला शिकवते. मूळ इंग्रजीत या जोडशब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं. दमून किंवा दारू पिऊन गाढ झोपी जाणं, असाही होतो. हातातली वस्तू सगळ्यांना वाटत जाणं, असाही. शिक्षण संपवून बाहेर पडणं हा अर्थ आपल्याकडे रुळला; तिकडे तो फार तर लष्करातल्या जवानांसाठी वापरतात. हे सगळं मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. चक्कर येण्याचा अर्थ पोरांच्या डोक्यात बसावा म्हणून सकाळच्या प्रार्थनेला उपाशीपोटी उभ्या राहिलेल्या मुलीचं वाक्य देते. पुढच्या बाकावरची एखादी खोडकर मुलगी लगेच डोळे फिरवून बाकावर मान टाकते, वर्ग हसतो, मीही हसते. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

माझे धाकटे दीर आणि आम्ही एकत्रच राहतो. शेत आमचे हे बघतात, गावातलं खत-बियाण्याचं दुकान भाऊजी बघतात. मला दोन्ही मुलगेच, आणि भाऊजींना एकच मुलगी. घरातली ती एकटी लेक. मला ‘मोठी आई’ म्हणायची. तिसरीत असल्यापासून माझ्या खाटेवर बसून ती इंग्रजी वाचायला शिकली. पुढे संभाजीनगरला शिकली आणि मग एका वर्षाच्या मोठ्या पदवीसाठी इंग्लंडला गेली. आमच्या गल्लीतून विमानात बसणारी ती पहिलीच मुलगी. जाताना म्हणाली, “मोठी आई, तिकडं माझ्या घरच्यांचा म्हणून तुझा नंबर देऊन ठेवते. पप्पांना कुणी इंग्रजीत फोन केला तर ते घाबरतील.”

ती गेली तेव्हा भाऊजींनी तिला जवळ घेतलं नाही. तसं करायची त्यांना सवय नाही. फक्त म्हणाले, “आता रडका फोन करायचा न्हाई. पास झाली म्हनूनच फोन कर.” सगळे हसले. तीही हसली.

सुरुवातीचे महिने ती रोज फोन करायची. खोली दाखवायची, खिडकीबाहेरचा पाऊस दाखवायची. उन्हाळ्यानंतर फोन कमी झाले. कॅमेरा बंद असायचा. “नेट स्लो आहे गं,” म्हणायची. जेवलीस का विचारलं की “हो, केव्हाच.” शेवटचा प्रबंध लिहून राह्यलेय, सप्टेंबरात सगळं संपतंय, एवढं आम्हाला माहीत होतं. महालक्ष्म्यांना मखरापुढं बसून जाऊबाईंनी नवस बोलला तोही त्याचाच.

महालक्ष्म्या उठल्यावर थोड्याच दिवसांनी, शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा माझा तास मोकळा होता. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. मोबाईल वाजला. परदेशातला नंबर, इंग्रजी मेसेज. तिच्यासोबत एका घरात राहणारी तिथलीच एक मुलगी होती, तिचा. ‘शी पास्ड आउट धिस मॉर्निंग. वुई आर ऑल विथ हर. प्लीज डोन्ट वरी, शी विल कॉल यू लेटर.’ आज सकाळी ती पासआउट झाली, आम्ही सगळे तिच्यासोबत आहोत, काळजी करू नका, ती नंतर फोन करेल.

मी खुर्चीतून उठलेच. माझ्या डोळ्यांपुढे काळा झगा, चौकोनी टोपी आणि भोवती तिच्या मैत्रिणी, असं सगळं उभं राहिलं. काळजी करू नका, हे वाक्य त्या आनंदात कशासाठी आहे, एवढा एक प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी तिला फोन लावला, तो बंद लागला. पार्टीत असेल, म्हटलं. आणि तिथूनच भाऊजींना लावला.

“भाऊजी, लेक पासआउट झाली!”

दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले, “जरा थांबा हो,” आणि मला म्हणाले, “वैनी, बराबर वाचलं ना तुम्ही?”

“अहो, मेसेजच आलाय तिकडून. मी काय आज इंग्रजी वाचून राह्यले का?”

“मंग बराबरच असंल,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. भाऊजींना रडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी पोचले तर अंगणात चपलांना जागा नव्हती. भाऊजींनी दुकान लवकर बंद करून पेढे आणले होते. येईल त्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने घालत होते. दुकानाच्या दारावर फ्लेक्स लागला होता. बियाण्यांच्या कंपन्यांची टपोरी कापसाची बोंडं आणि मक्याची कणसं, आणि त्यांच्या मधोमध आमच्या लेकीचा बारावीतला फोटो. जाऊबाई नवी साडी नेसून बायकांना कुंकू लावत होत्या. कुणीतरी हलगी आणली होती. सगळे मला म्हणत होते, “मॅडम, खरं श्रेय तुमचं.” मी नको नको म्हणत होते, पण ते मला आवडत होतं हेही खरं.

दिवेलागणीला परत त्याच नंबरावरून फोन आला. अंगणात काही ऐकू येईना म्हणून मी गच्चीच्या जिन्यात गेले. ती मुलगी घाईने, तिकडच्या उच्चारात बोलत होती. डॉक्टर म्हणतात आज रात्री तिला ठेवून घेऊ. सलाईन लावलंय. तिने बऱ्याच दिवसांत नीट खाल्लेलं नाही. तुमच्यापैकी कुणी येणार आहे का?

मी विचारलं, “पण तुम्ही तर लिहिलं होतं, ती पासआउट झाली.”

“हो,” ती म्हणाली. “बसथांब्यावर. उभ्या उभ्या पडली.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. खाली हलगी चालू होती. तेवढ्यात आमच्या लेकीने फोन घेतला असावा.

“मोठी आई,” तिचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा येत होता. “तिला सांगितलं होतं मी, घरी कळवू नको म्हणून. तिनं ऐकलं न्हाई. तू पप्पांना सांगू नको. मी बरी आहे.”

“अगं, पण झालं काय?”

मग तिने सांगितलं. उन्हाळ्यात एका विषयात ती नापास झाली होती. त्याची परीक्षा पुन्हा द्यायची, प्रबंध लिहायचा आणि खर्चासाठी तिकडच्या एका दुकानात कामालाही जायचं. प्रबंध अर्धाच झाला होता, द्यायची तारीख टळली होती. झोप येईना, अन्न जाईना. कॅमेरा बंद ठेवायची कारण तोंड सुकलेलं दिसलं असतं. “पप्पा म्हणले होते ना, पास झाली म्हणूनच फोन कर. मग काय सांगू मी?”

“चेष्टेत म्हणाले होते गं ते.”

“मला माहीत आहे. तरी.” मग ती म्हणाली, “तिकडं कसला आवाज येऊन राह्यलाय? कुणाचं लग्न आहे का?”

मला खोटं बोलता आलं असतं. देवीचं काही आहे म्हटलं असतं. पण फोटो तोपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर गेले होते. मोबाईल चालू केला की तिला दिसलेच असते. मी सांगितलं. मेसेज मी वाचला, मी असा अर्थ घेतला, मी भाऊजींना कळवलं, पेढे वाटून राह्यलेत, दुकानावर फ्लेक्स आहे.



“मोठी आई,” ती म्हणाली, “तू काय केलंस हे?”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही उत्तर देता आलं असतं. मग रडत रडत म्हणाली, “आता तर अजिबात सांगू नको. मी करते पूर्ण. मी कसंही करून करते. तोपर्यंत सांगू नको.”

मी हो म्हटलं. आजारी पोरगी परदेशात दवाखान्यात रडतेय, तिला दुसरं काय म्हणणार होते, असं मी नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. पण हो म्हणण्यात माझाही स्वार्थ होता. खाली जाऊन त्या गर्दीत ‘माझं चुकलं’ म्हणायची हिंमत मला होत नव्हती. मी डोळे पुसून खाली आले. जाऊबाई समोरच होत्या. “अक्का, तुम्हीच राहिल्या की!” म्हणत त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. “काय म्हणली लेक?” मी म्हटलं, “खूप दमलीये, उद्या बोलते म्हणाली.” आणि तो पेढा गिळला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. ती दवाखान्यातून घरी आली. मी शाळेतून निघाल्यावर रस्त्यातच गाडी बाजूला लावून तिला फोन करायची आणि कॅमेरा चालू करून माझ्यासमोर जेवायला लावायची. तिच्या कॉलेजने आजारपणामुळे तिला मुदत वाढवून दिली. तेवढी एक गोष्ट चांगली झाली. घरी आई-बापाशी ती दोन शब्द बोलायची, त्यांच्या अभिनंदनाला “हो, हो” म्हणायची. भाऊजी फोन ठेवल्यावर खूश होऊन म्हणायचे, “पोरगी लई शांत झाली तिकडं जाऊन.” मी भाकरी थापत असायचे. मान वर करायची नाही.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते. कापसावर फवारायचं औषध घ्यायला धावडा गावाहून कुणी पाहुणा आला, तर आधी त्याला फ्लेक्स दाखवायचे, मग औषध. एका संध्याकाळी घरी आले ते वेगळ्याच उत्साहात. गावातली मंडळी लेकीच्या वतीने त्यांचा आणि जाऊबाईंचा गावच्या शाळेत सत्कार करणार होती.

“वैनी, दोन शब्द तुम्हीच बोलायचे,” ते म्हणाले. “तुमच्याइतकं तिच्याबद्दल कोन बोलनार?”

त्या रात्री मी काही जेवले नाही. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “हे तुलाच सांगावं लागंल. मी मधी पडलो तर त्याला वाटंल, घरात सगळ्यांना ठाऊक होतं.” सकाळी मी लेकीला मेसेज केला, की मी दिलेला शब्द मोडतेय, मला माफ कर. तिचं उत्तर यायच्या आत दुकानात गेले. उशीर केला तर धीर जाईल हे मला माहीत होतं.

भाऊजी एकटेच होते. पोत्यांची थप्पी लावत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “भाऊजी, लेक पासआउट झाली म्हणजे पास झाली न्हाई. तिला चक्कर आली होती. पडली होती ती. त्या शब्दाचे दोन अर्थ होतात, मी चुकीचा घेतला.”

त्यांनी पोतं खाली ठेवलं. “आता कशीये?”

“बरी आहे. जेवते आता. मी रोज बघते.”

“दवाखान्यात होती?”

“एक रात्र.”

“कोन होतं जवळ?”

“तिच्यासोबतची ती मुलगी.”

ते थप्पीवरच बसले. परीक्षेचं, प्रबंधाचं मी सांगत गेले. ते त्यांच्या कानात शिरत होतं की नाही कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी.”

“पेढे वाटून राह्यलो होतो तव्हा?”

“हो.”

मला वाटलं होतं ते अब्रूचं बोलतील, फ्लेक्सचं बोलतील. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. म्हणाले, “माझी पोरगी तिकडं सलाईनवर, अन मी हितं हलगी लावून नाचलो. वैनी, तुम्ही मला नुसतं वर बोलावून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी खाली कुनाला कळू दिलं नसतं. पन बाप म्हनून मला त्या वक्ताला कळायला पायजे होतं.”

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “रडका फोन करू नको म्हनलो होतो मी तिला.” आणि त्यांनी गमछ्यात तोंड घातलं.

मी तिथे असतानाच त्यांनी तिला फोन लावला. ती घाबरून हॅलो म्हणाली. भाऊजी म्हणाले, “बाळा, मला समदं कळलं. तू रड आता. मी बसून राह्यलो हितं.” मी दुकानाबाहेर आले.

सत्कार त्यांनी रद्द करायला लावला आणि फ्लेक्स स्वतः शिडी लावून काढला. विचारणाऱ्यांना काय सांगायचं यावर घरात काही बोलणं झालं नव्हतं. ते मला दोन दिवसांनी, काही सामान द्यायला दुकानात गेले तेव्हा कळलं. काउंटरपाशी माणसं होती. एकजण म्हणाला, “काय हो शेठ, पोरगी पास झाली न्हाई म्हनं?”

“न्हाई,” भाऊजी म्हणाले. “मेसेज आल्ता इंग्रजीत. मला कुठं इंग्रजी येतं? मी आपला पासआउट बघून पेढे आनले. तिला चक्कर आली होती.”

माणसं हसली. एकजण म्हणाला, “अहो, घरात मॅडम असताना तुम्ही कशाला वाचायला गेल्ते?” भाऊजीही हसले. “तेच तर चुकलं.”

मी तिथे हातात पिशवी घेऊन उभी होते. मेसेज माझ्या फोनवर आला होता. तो मी वाचला होता. एवढं एक वाक्य मला तिथे बोलता आलं असतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाचं बिल करायला घेतलं. मी पिशवी ठेवली आणि निघून आले. त्यानंतर कितीतरी दिवस गावात ती गोष्ट चेष्टेने सांगितली जात होती. अडाणी बापाने पोरगी बेशुद्ध पडली म्हणून पेढे वाटले, अशी. शाळेत माझ्या सहकाऱ्यांनीही मला ती सांगितली. मी मान डोलावली.

दिवाळीनंतर दहावीला जोडशब्दांचा पाठ आला. तो मी पुढे ढकलत होते. फळ्यावर शब्द लिहिला आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तुमच्या गावातल्या एका दुकानदारानं याच्यावर पेढे वाटले होते.” वर्ग खदाखदा हसला. मी खडू ठेवला.

“तो मेसेज दुकानदारांनी वाचला नव्हता,” मी म्हटलं. “मी वाचला होता. त्यांनी मला विचारलंही होतं, बराबर वाचलं ना म्हणून. मी हो म्हटलं. दोन्ही अर्थ मला माहीत होते. मला जो हवा होता तो मी घेतला.”

मग मी बाकीचे अर्थ नेहमीप्रमाणे लिहून दिले. कुणी बाकावर मान टाकली नाही.

पोरं घरी गेली, घरी सांगितलं, आणि दोन दिवसांत ते टेंभुर्णीभर झालं. संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले असताना म्हणाले, “काय गरज होती वैनी? एकाची इज्जत गेली होती, ते घरातल्या घरात भागलं असतं. आता दोघांची गेली.”

“तुमची जायला नको होती,” मी म्हटलं.

जाऊबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढली. जाऊबाईंचं माझ्याशी बोलणं त्या दिवसांत कामापुरतंच होतं. त्यांनी कधी शब्दाने बोल लावला नाही. पण ‘अक्का’ म्हणतानाचा त्यांचा आधीचा मोकळेपणा गेला होता, आणि तो पुरता परत आला असं आजही म्हणवत नाही.

लेकीने हिवाळ्यात प्रबंध दिला. निकाल लागला तेव्हा तिने फोन थेट भाऊजींना केला, मराठीत. “पप्पा, मी पास झाले.” मला ते जाऊबाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं, तेही ओघात. लोकांना पुन्हा काय सांगायचं म्हणून कुणी काही केलं नाही. काहींना तर ती आधीच पास झाल्याचंच आठवत होतं. जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली, एवढंच. खरा आनंद आला तेव्हा तो असा मुक्यानं गेला, आणि त्याला कारण मी होते.

उन्हाळ्यात ती घरी आली. आणायला आम्ही सगळे संभाजीनगरला विमानतळावर गेलो. ती बाहेर आली, आधीपेक्षा जरा भरलेली, केस कापलेले. धावत बापाकडे गेली. भाऊजींनी तिला जवळ घेतलं आणि लोकांसमोर बराच वेळ सोडलं नाही. आई झाली, काका झाले. मग ती माझ्याकडे आली आणि वाकून नमस्कार केला. पूर्वी ती मला नमस्कार करायची नाही, गळ्यात पडायची. मी तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला.

येताना बदनापूरजवळ जेवायला थांबलो. तिने ठेचा मागितला, भाकरी मागितली, आणि खाली मान घालून जेवायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. एक भाकरी संपली, दुसरी घेतली. तिच्या ते लक्षात आलं असावं. तिने मान वर केली.

“तुला माझा राग आहे का गं?” मी हळूच विचारलं.

तिने घास संपवला. “होता,” म्हणाली. “अजून थोडा आहे.” मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, “तू काहीच खाल्लं न्हाईस. जेव आधी.”

मी भाकरी मोडली. पलीकडे भाऊजी आमच्या ह्यांना मोसंबीच्या बागेचं काहीतरी सांगत होते. ऊन कलायच्या आत घर गाठायचं होतं.